चीजसाठी दूध उकळायचं नसतं

नागपूर, जानेवारी. रविवार, सकाळ.

दूध घरात आलं की आधी गॅसवर चढतं. ही आपली जुनी सवय, आणि घरचं मोझरेला बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. पनीर उकळत्या दुधाचं होतं म्हणून चीजही तसंच होईल, असं नव्यानं करणाऱ्याला वाटतं. पनीरसाठी दूध ८० अंशांच्या वर नेऊन लिंबानं फाडतात. त्या उष्णतेत दुधाच्या पाण्यातली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, त्यात लिंबाचा आंबटपणा, म्हणून पनीर तव्यावर टाकलं तरी वितळत नाही. मोझरेलाचं दूध फाडायचं नसतं, रेनेटनं, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकरानं, धरवायचं असतं. रेनेट केसीनच्या कणाचं बाहेरचं टोक कापतं, मग कण एकमेकांना धरून जाळी करतात. दूध उकळलेलं असेल तर त्या टोकावर आधीच दुसरी प्रथिनं बसलेली असतात. रेनेट काम करू शकत नाही आणि तासभर थांबलं तरी दूध पातळच राहतं.

टेट्रापॅकचं दूध आधीच कडक तापवलेलं असतं, म्हणून याच कारणानं बाद. पिशवीचं फुल क्रीम दूध चालतं, पण सगळंच नाही. कपभर दूध ३५ अंशांवर आणून त्यात पाण्यात कालवलेल्या रेनेटचा एक थेंब घालावा. दहा-पंधरा मिनिटांत खरवसासारखं थरथरलं तर तेच दूध घ्यावं. गवळ्याचं कच्चं दूध सगळ्यात छान धरतं, मात्र ते तसंच वापरू नये. ६३ अंशांवर सलग ३० मिनिटं ठेवायचं आणि लगेच गंज (पातेलं) बर्फाच्या पाण्यात उतरवायचा. जंतू मरतात, केसीन शाबूत राहतं.

गाय की म्हैस? पहिल्यांदा गायीचंच घ्यावं. म्हशीचं घट्ट धरतं, चीजही जास्त देतं, पण त्याला आंबटपणा जास्त लागतो आणि हात बसेपर्यंत गोळा कडक होतो.

२ लिटर गायीच्या दुधाला पाऊण छोटा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. इतवारीत किराण्याच्या दुकानात मिळतं. ते अर्धा कप थंड पाण्यात विरघळवून फ्रीजमधून काढलेल्या गार दुधात ढवळत घालायचं. दूध कोमट असेल तर घातलं तिथेच दाणे धरतात आणि पुढे तार येत नाही. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा ही चूक हमखास होते. शिवाय उन्हाळ्यात दूध आधीच थोडं आंबलेलं असू शकतं. तापवतानाच कण दिसू लागले तर त्या दुधाचं पनीर करावं.

गंज स्टीलचा आणि जाड बुडाचा हवा. ॲल्युमिनियमला आंबट दूध खातं. मंद आचेवर ३२ अंशांपर्यंत न्यायचं. थर्मामीटरशिवाय सुरुवात करू नये, बोटाला ३२ आणि ३८ मधला फरक कळत नाही. थर्मामीटर तपासायला बर्फाचं पाणी शून्य दाखवतं का ते पाहावं. उकळत्या पाण्यात मात्र आपल्याकडे ९९ च्या आसपास आकडा येतो, कारण नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. तो दोष समजू नये.

रेनेट शाकाहारी, बुरशीपासून केलेलं मिळतं. त्याची ताकद बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून प्रमाण बाटलीवरचंच पाळावं. ते दोन मोठे चमचे पाण्यात कालवायचं. पाणी आरओचं, किंवा पंधरा मिनिटं उकळून गार केलेलं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रेनेटला निकामी करतो. दुधात घालून अर्धा मिनिट वरखाली ढवळायचं आणि मग गंजाला हात लावायचा नाही. आत्ताच्या थंडीत तो जाड टॉवेलात गुंडाळावा, नाहीतर कडेचं दूध गार पडून मधलंच धरतं.

दहा मिनिटांनी सुरी तिरकी घालून वर उचलावी. काप स्वच्छ आणि फटीत हिरवट पिवळं पाणी, तर तयार. पाणी दुधाळ दिसलं तर आणखी पाच मिनिटं. न थांबता कापायच्या घाईनं जितकं चीज वाया जातं तितकं दुसऱ्या कशानं जात नाही, कारण कच्च्या वड्या कापल्या की सगळी साय पाण्यात निघून जाते. इंचभर वड्या कापून पाच मिनिटं तशाच ठेवाव्यात, मग हलक्या हातानं हलवत ४१ अंशांपर्यंत न्याव्यात आणि चाळणीत निथळाव्यात.

आता ताणणं. पाणी ८० अंशांचं. वड्यांचे तुकडे त्यात बुडवून लाकडी चमच्यानं दाबायचे. गोळा आतून ५७ अंशांच्या वर गेला की चकाकतो आणि ताणला की लांब होतो. तुटला तर मुख्य कारणं दोन: गोळा पुरेसा गरम नाही किंवा आंबटपणा चुकला. आधी पुन्हा गरम पाण्यात घालून पाहावं, बहुतेकदा तेवढ्यानं जमतं. तरीही रवाळ राहिला तर पुढच्या खेपेला लिंबूसत्त्व चिमूटभर वाढवावं. हाताला जाड रबरी मोजे हवेतच. एक छोटा चमचा मीठ लावून चार-पाच घड्या, बस. जास्त मळलं की तूप सुटतं आणि चीज रबरासारखं चिवट होतं. गोळा बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं.

२ लिटर दुधाचं साधारण २०० ग्रॅम होतं. फ्रीजमध्ये डब्यात तीन-चार दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं तर किसून फ्रीझरमध्ये टाकावं.

उरलेलं दीड लिटरच्या वर पाणी ओतून देऊ नये. त्यात लिंबूसत्त्वाचा आंबटपणा असतो, म्हणून कढीगोळ्यांच्या कढीत निम्मं ताक आणि निम्मं हे पाणी घालावं, बेसन मात्र एक चमचा वाढवून.