ताळगांव पठारावर इकॉनॉमिक्स करायचं तर

निकाल लागले की डिचोली-साखळीकडचं कुणी ना कुणी विचारतंच, इकॉनॉमिक्समध्ये एमए आणि जमलं तर पीएचडी करायचीय, पुण्या-मुंबईला जाऊ की इथेच, ताळगांव पठारावरच्या गोवा विद्यापीठात? मी उलट विचारतो, तुला छळणारा प्रश्न कुठला? कारण फी, हॉस्टेल, प्लेसमेंट बघायचंच, पण संशोधन करायचं तर तिथली माणसं कशावर काम करतात आणि डेटा कुठून आणतात यावर सगळं ठरतं. आणि मला मनापासून वाटतं की इथल्या विभागाची (आता तो गोवा बिझनेस स्कूलमध्ये आहे) खरी ताकद पठाराच्या खाली पसरलेली आहे, ती वापरायला हवी.

लोहखनिजाच्या खाणीच घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालूच, खनिज वाहणारे बार्ज नदीत नांगरून. एवढ्याशा राज्यात एका पट्ट्याचं उत्पन्न एका तारखेला बंद आणि किनाऱ्याचं चालू, आधी-नंतरची तुलना करायला अशी जागा शोधून सापडत नाही. पण सांभाळून हां, खाणीवरची माणसं कामाला किनाऱ्यावर गेली की तुमची तुलनेची बाजू, म्हणजे किनाराही, बदलते, आणि हे इथल्या मुलाला न सांगता कळतं. वर २०१४ च्या निकालात कोर्टाने खनिज विक्रीतले १० टक्के कायम निधीत ठेवायला सांगितले, म्हणजे पुढच्या पिढीचा वाटा किती, हा थेट थिअरीतला प्रश्न.

माझा सगळ्यात लाडका विषय मात्र खाजन. सुमारे १८,००० हेक्टर जमीन, खाऱ्या पाण्यापासून बांध आणि मानशीने (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) राखलेली. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, ज्याने लिलाव घेतला त्याला खारं पाणी आत यायला हवं, शेतकऱ्याला ते नको. पूर्वी हा हिशेब गावकारी, म्हणजे कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन बघणारी जुनी संस्था) सांभाळायची, कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली, आणि बांध फुटला की दुरुस्ती कोणी करायची यावर गावात अजून वाद. सामायिक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ मध्ये नोबेल मिळालं, आपल्याकडे तो प्रश्न शेताच्या मेरेवर उभा आहे! आपल्याच गोव्यात जन्मलेल्या दा. ध. कोसंबींनी, मूळचे गणिती असून, जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकारीवर लिहिलं होतं, ते जरूर वाचा.

रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) विरुद्ध ट्रॉलर, पर्यटनातला सीझनचा रोजगार, आखातातून येणारा पैसा, हेही आहेच.

तर गाइड निवडताना त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध लायब्ररीत जाऊन चाळा, सर्व्हे स्वतः केलाय की सरकारी तक्तेच परत मांडलेत ते बघा. सॉफ्टवेअर आणि इकॉनॉमेट्रिक्स तर यायलाच हवं, पण कोमुनिदादवर काम करायचं असेल तर पोर्तुगीजही शिकायला घ्या, पहिल्या वर्षापासूनच, कारण जुने हिशेब त्याच भाषेत आहेत आणि ते वाचू शकणारे अर्थशास्त्राचे विद्यार्थी आपल्याला हवेत.