तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका-चीन सोडून मालदीव-मॉरिशस कशाला?

लग्नात, कॉलेजमधल्या लेक्चरनंतर, अगदी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण हा प्रश्न ठरलेला. मॅडम तुम्ही परराष्ट्र धोरणावर लिहिता ना, मग अमेरिका, चीन, पाकिस्तान सोडून हे बांगलादेश, मालदीव, सेशेल्स, आफ्रिका काय घेऊन बसलात, आणि तेही नाशिकला बसून? आमच्या आत्याचं तर सरळच असतं, "अगं त्या लोकांकडे आहे काय?"

तर सांगते. अमेरिकेवर लिहायला दिल्लीत रांग लागलीये, तिथे माझी काही गरज नाही. मला इंटरेस्ट आहे तो दोन अशा देशांमध्ये ज्यांच्याकडे एकमेकांवर उधळायला पैसा नाही, दोन्हीकडे मतदार महागाईने वैतागलेला, आणि तरी त्यांनी एकमेकांना शब्द दिलेला असतो. तो शब्द कधी टिकतो आणि कधी मोडतो, एवढंच मी बघते. १९५५ ला इंडोनेशियात बांडुंगला २९ आशियाई-आफ्रिकी देश एकत्र आले तेव्हापासून बंधुभावाची भाषणं चालू आहेत, ती मी चाळते. वाचते ती मात्र परकीय व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्राच्या खात्याची नोटिफिकेशन्स, कारण खरं काय ते तिथे कळतं.

कांद्याचं घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, लाल कांदा तेव्हा जोरात यायला लागला होता. लासलगावचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, ट्रॅक्टरची लाइन लागलेली, व्यापारी ट्रॉलीत हात घालून खालचा कांदा वर काढून बघतो, दाबतो, पुकारा होतो आणि बघता बघता सौदा पक्का होतो. त्या भावात ढाका, कोलंबो, दुबईला जाणारा माल आधीच धरलेला असतो. बंदीचा मेसेज मोबाइलवर पडला की तेवढा भाव तिथल्या तिथे गेला. लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला, हे सगळं आपल्याकडे छापून आलंच.

पलीकडच्या बाजूचं फार कोणी छापत नाही. सप्टेंबर २०१९ ला अशीच बंदी आली होती, तेव्हा बांगलादेशच्या त्यावेळच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हिंदीत म्हणाल्या की मी माझ्या कुकला सांगून टाकलंय, आता जेवणात कांदा बंद. लोक हसले. पण त्यांचं म्हणणं साधं होतं, बंदी घालायची तर घाला, आधी सांगा तरी. पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला परत तेच, न सांगता, ट्रक बॉर्डरवर अडकले, माल सडला, आणि ढाक्याने यावेळी लेखी नाराजी कळवली. आणि लक्षात घ्या, हे त्या काळातलं जेव्हा हसीनांचं सरकार म्हणजे भारताचा सगळ्यात जवळचा शेजारी असं दिल्लीत सगळे सांगत होते. मग बांगलादेशने काय केलं, तुर्कस्तान-इजिप्तकडून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवायच्या मागे लागला. आपला कांदा इजिप्तपेक्षा चांगला आहे हो, पण ऐनवेळी मिळणार की नाही याचीच खात्री नसेल तर चांगल्याचं करायचं काय?

२०२३-२४ च्या बंदीतली दुसरी गंमत म्हणजे सूट. बंदी सगळ्यांना, पण काही देशांना नाव घेऊन परवानगी. एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांना मिळून ९९,१५० टन जाहीर झाला: बांगलादेश, यूएई, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. कोणाला किती टन ही यादी म्हणजे त्या महिन्यातलं आपलं परराष्ट्र धोरण, मी तर विद्यार्थ्यांना आधी तीच वाचायला देते.

आणि त्याच महिन्यात मालदीवचं प्रकरण बघा, हे माझं सगळ्यात लाडकं उदाहरण आहे. मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये 'इंडिया आउट' म्हणत निवडून आले, आल्या आल्या म्हणाले तुमचे सैनिक परत न्या. ते सैनिक तिथे होते आपण दिलेली दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान चालवायला, पेशंट बेटांवरून हलवायला, समुद्रावर नजर ठेवायला. इकडे सोशल मीडियावर मालदीव बॉयकॉट, ट्रिपा कॅन्सल, नुसता राडा. १० मे २०२४ पर्यंत सैनिक परत आले आणि त्यांच्या जागी सिव्हिलियन टेक्निकल माणसं गेली, विमानं तिथेच राहिली. पण त्याच्या महिनाभर आधी, ५ एप्रिलला, भारताने मालदीवला वर्षभरासाठी ३५,७४९ टन कांदा मंजूर केला, शिवाय तांदूळ, साखर, अंडी, बटाटे, आणि वर लिहून दिलं की आत्ताची किंवा पुढची कुठलीही निर्यातबंदी या मालाला लागू नाही.

म्हणजे २०२० ला जिगरी दोस्ताचे ट्रक बॉर्डरवर आणि २०२४ ला भांडणाऱ्याला लेखी हमी! का? कारण मालदीवबरोबर १९८१ चा व्यापार करार आहे, त्यात जीवनावश्यक वस्तूंचा कोटा दरवर्षी ठरतो. बांगलादेशबरोबर कांद्याचा असा कागदच नव्हता, नुसते गोड संबंध होते. मुइझ्झूंचं पुढे दिल्लीला येणं, सूर बदलणं, यामागे त्यांचं कर्ज वगैरे बरीच कारणं आहेत, कांद्याने सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण भांडणाच्या काळात एक नळ चालू ठेवला होता, त्याचा उपयोग झाला असं माझं मत.

आता कागद असला की झालं असंही नाही. सेशेल्समध्ये अझम्पशन नावाचं बेट आहे, तिथे भारताने धावपट्टी आणि जेट्टी बांधायचं २०१५ ला ठरलं, जानेवारी २०१८ मध्ये सुधारित करारावर सह्या पण झाल्या. मजकूर लोकांना दाखवला नव्हता, तो इंटरनेटवर फुटला, आंदोलनं झाली, शेजारीच अल्डाब्रा आहे राक्षसी कासवांचं, त्यामुळे पर्यावरणवाले पण पेटले, आणि संसदेत बहुमत विरोधकांचं. मंजुरी मिळालीच नाही, जूनपर्यंत विषय संपला. मॉरिशसच्या आगालेगा बेटावर जवळपास तसंच काम, तोही करार पूर्ण जाहीर नाहीच, पण तिथे सरकारकडे बहुमत होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं. दिल्लीतली बरीच मंडळी म्हणतात चीनने सेशेल्समध्ये खो घातला. मला ते पटत नाही. छोट्या देशातल्या लोकांनाही आपल्या जमिनीवर कोणाचे सैनिक येणार हे विचारायचा हक्क आहे, ते विचारलं की लगेच चीनचं नाव घ्यायचं ही आपली वाईट सवय.

संरक्षणात मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते ट्रेनिंग, आणि त्याची कोणी बातमी करत नाही. आपल्या देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये मित्रदेशांचे अधिकारी शिकायला येतात, पुण्यात २०१९ ला १७ आफ्रिकी देशांच्या तुकड्यांबरोबर सराव झाला. खर्च कमी, आणि इथे शिकलेला कॅप्टन पुढे त्याच्या देशात ब्रिगेडियर होतो तेव्हा आपला फोन उचलतो.

राहिलं नाशिक. दिल्लीत बसून नोटिफिकेशन निघतं, इथे ते कुठे लागतं ते दिसतं. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा युरोपला जाणारे आपल्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, तेव्हा येमेन कुठे आहे हे दिंडोरी-पिंपळगावला कोणाला शिकवावं लागलं नाही. आणि आफ्रिकेशी आपला संबंध काय म्हणणाऱ्यांना मी शरणपूर रोड दाखवते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनमध्ये वाढली, त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. बरेच जण पुढे मोंबासाला जाऊन राहिले. पण हे जरा विषयांतर झालं.

सध्या माझं डोकं एकाच गोष्टीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशने भारताकडे कांदा, साखर, गहू अशा वस्तूंचा वार्षिक कोटा मागितला होता, म्हणजे मालदीवसारखाच, आणि वर्षभरात आपण बंदी घातली. असा कोटा व्हावा असं मी लिहिते तेव्हा दिल्लीवाले म्हणतात महागाईत आमचे हात बांधले जातील, आणि आपले एक्सपोर्टर त्याच्यापेक्षा जास्त चिडतात, की मॅडम कोटा आला की सरकारी एजन्सी आली, मग आम्ही काय करायचं? त्यांचं चुकत नाही, बंदीच्या काळात परवानगीचा माल सरकारी सहकारी कंपनीमार्फतच गेला होता. म्हणून कोटा असावा पण त्यात खासगी निर्यातदारांना बोली लावता यावी, असं काहीतरी मांडायचा प्रयत्न चाललाय, आणि त्यासाठी पुढच्या आठवड्यात परत लासलगाव.