सरासरी सहा

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. धातुविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून काढलेली पोलादाची छायाचित्रे टांगलेली असतात आणि ती पाहणारा, विद्यार्थी असो वा पाहुणा, हमखास विचारतो, ‘साबणाचा फेस, मधमाशीचे पोळे, झाडाची साल आणि आता हे पोलाद, सगळीकडे षटकोनच कसा?’ निसर्गाला काटकसर आवडते, असे एक तयार उत्तर पुष्कळांना पाठ असते. पोळ्यापुरते ते बरोबरही आहे, कारण सारख्या क्षेत्रफळाची घरे कमीत कमी भिंतीत बसवायची असतील तर षटकोनाला पर्याय नाही, हे थॉमस हेल्स यांनी 1999 साली सिद्ध केले. मात्र पोलादातले कण सारख्या आकाराचे नसतात आणि ते षटकोनीही नसतात, हे छायाचित्र जरा निरखून पाहिले की कळते.

ते छायाचित्र कसे निघते ते आधी सांगतो. कमी कार्बनच्या पोलादाचा तुकडा खरखरीत एमरी कागदापासून बारीक कागदापर्यंत क्रमाने घासायचा. दर नवीन कागदावर तो काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. मग कापडावर डायमंड पेस्ट लावून तो आरशासारखा चकचकीत करायचा. या अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. नंतर अल्कोहोलमध्ये सुमारे दोन टक्के नायट्रिक आम्ल घातलेल्या द्रावात, म्हणजे आमच्या नायटलमध्ये, तुकडा काही सेकंद बुडवला की स्फटिककणांच्या, आमच्या बोलीत ग्रेनच्या, सीमा आतल्या भागापेक्षा लवकर झिजतात आणि काळ्या रेषांचे जाळे उमटते. या जाळ्यातल्या एकेका ग्रेनच्या बाजू मोजायला मी विद्यार्थ्यांना बसवतो. कुणाला चार मिळतात, कुणाला पाच, सात, एखाद्याला नऊ किंवा दहा. षटकोन असतात, पण बहुमतात क्वचितच. तरीही पुरेसे ग्रेन मोजून सरासरी काढली की ती सहाच्या आसपास येऊन थांबते, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर या सरासरीत आहे.

त्यासाठी पेशीकडे, म्हणजे जाळ्यातल्या एकेका घराकडे, पाहण्याऐवजी कोपऱ्याकडे पाहावे. अशा जाळ्यात जवळपास प्रत्येक कोपऱ्यावर तीनच रेषा भेटतात. चार रेषांचा कोपरा चुकून तयार झालाच, तर तो टिकत नाही. तो फाटून तीन-तीन रेषांचे दोन कोपरे होतात, कारण त्यात एकूण लांबी कमी होते. आता गणितज्ञ ऑयलरचा अठराव्या शतकातला हिशेब लावा: सपाट जाळ्यात कोपरे वजा बाजू अधिक पेशी ही बेरीज जाळे कितीही मोठे केले तरी वाढत नाही. प्रत्येक बाजूला दोन टोके आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीन बाजू असतील, तर हजार पेशींच्या जाळ्यात सुमारे तीन हजार बाजू आणि दोन हजार कोपरे असलेच पाहिजेत. प्रत्येक बाजू दोन पेशींच्या वाट्याला येते, म्हणून पेशीमागे सहा. या हिशेबात पोलाद, साबण किंवा जीवपेशी यांचे कुठलेही बळ आलेले नाही, आणि म्हणूनच तो या सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

सरासरी अशी ठरून गेल्यावर कुतूहल उरते ते सहापासून ढळलेल्यांचे. सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले धातुशास्त्रज्ञ. धातूंच्या ग्रेनची रचना समजण्यासाठी त्यांनी साबणाचा फेस हाताशी धरला. दोन काचांच्या फटीत फेसाचा एकच थर ठेवला की बुडबुडे लहानमोठे होताना डोळ्यांना दिसतात. ग्रेनच्या आकारांवरचा त्यांचा निबंध ज्या परिसंवादाच्या ग्रंथात 1952 साली प्रसिद्ध झाला, त्याच ग्रंथात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची एक छोटी टिप्पणी आहे, आणि माझ्या मते या विषयातले इतके सुबक लेखन दुसरे नाही. साबणाच्या तीन भिंती एकमेकींशी 120 अंशांनी भेटतात, हे बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. सरळ बाजूंच्या पंचकोनाचे कोन सरासरी 108 अंश असतात. ते 120 करायचे तर बाजूंना बाहेर फुगावे लागते. फुगलेल्या भिंतीच्या आत दाब जास्त, म्हणून आतला वायू पातळ पडद्यातून शेजाऱ्याकडे झिरपतो आणि पंचकोन आक्रसतो. सप्तकोनाचे नेमके उलटे होते. फॉन नॉयमन यांनी दाखवले की क्षेत्रफळ बदलण्याचा वेग फक्त बाजूंच्या संख्येतून सहा वजा करून मिळतो, एका ठराविक गुणकाच्या फरकाने. बुडबुडा केवढा आहे, त्याचा आकार कसा आहे, शेजारी कोण आहेत, कशाशीच त्याचा संबंध नाही. सरासरी सहाच असल्यामुळे सगळ्यांची घट आणि वाढ मिळून शून्य होते, आणि फेसाचे एकूण क्षेत्रफळ तर बदलत नाहीच. एकाच वाक्यात दोन हिशेब जुळतात.

धातूत वायू नाही. तिथे अणू सीमा ओलांडून एका ग्रेनमधून दुसऱ्यात जातात आणि सीमा आपल्या वक्रतेच्या केंद्राकडे सरकते; तरी द्विमितीत नियम तोच राहतो, हे विल्यम मलिन्स यांनी 1956 साली मांडले. कारखान्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पोलाद तापवून ठेवले की कमी बाजूंचे ग्रेन नाहीसे होत जातात, उरलेले मोठे होतात, आणि मोठ्या ग्रेनचे पोलाद सामान्य तापमानाला मऊ पडते. हे टाळण्यासाठी त्यात नायोबियमसारखे मूलद्रव्य अल्प प्रमाणात, टक्क्याच्या काही शतांशांइतके, घालतात. त्याचे अतिसूक्ष्म कण सीमांना खिळवून धरतात. जेट इंजिनाच्या पात्यांसाठी गरज उलटी असते. तिथल्या तापमानाला सीमा हाच कच्चा दुवा ठरतो, म्हणून अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात आणि जाळ्याचा प्रश्नच मिटवतात.

जीवपेशींत वायूची देवघेव नसते, विभाजन असते, आणि तिथला हिशेब मला विशेष आवडतो. बाजूंची संख्या कितीही असलेली पेशी मधोमध दुभंगली की दोन्ही लेकींच्या मिळून चार बाजू वाढतात. शिवाय नवी भिंत ज्या दोन शेजाऱ्यांना टेकते, त्यांची एकेक बाजू वाढते. एक पेशी वाढली, सहा बाजू वाढल्या. गिब्सन, पटेल, नागपाल आणि पेरिमॉन यांनी 2006 साली एवढ्याच गृहीतकातून वाढत्या ऊतीत षटकोनी पेशी सुमारे 45 टक्के असाव्यात असे भाकीत केले, आणि फळमाशीच्या पंखाच्या ऊतीत प्रमाण जवळपास तेच निघाले.

वाळलेल्या चिखलाच्या भेगांत मात्र सहा येत नाहीत. नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात येऊन थांबते. दोन तुकड्यांचे मिळून चार कोपरे वाढतात, पण पलीकडच्या शेजाऱ्याची कड सरळच राहते, त्याला नवा कोपरा मिळत नाही. म्हणून तिथे सरासरी चारची. मुंबईत अंधेरी पश्चिमेला उभी असलेली गिल्बर्ट हिल, बेसॉल्ट खडकाच्या उभ्या खांबांची टेकडी, याच्या पुढची पायरी दाखवते. बेसॉल्टचा रस थिजताना भेगा पृष्ठभागावर बऱ्याचदा काटकोनातच सुरू होतात, पण थंडावा आत शिरेल तशी भेग टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि दर टप्प्याला कोपरे थोडे हलतात. काटकोनी सांधे हळूहळू तीन सारख्या कोनांचे होतात. त्यामुळे अशा खांबांत पाच, सहा, सात बाजूंची सरमिसळ दिसते. मोबाइल टॉवरांची क्षेत्रे दाखवणारे पाठ्यपुस्तकातले षटकोन या पंगतीत बसत नाहीत. ते आराखडा करणाऱ्याने सोयीसाठी काढलेले असतात आणि टॉवरचे खरे क्षेत्र इमारती-डोंगर ठरवतात.

त्रिमितीत प्रकरण अवघड होते. तिथे पेशीच्या तोंडांची, म्हणजे शेजाऱ्यांना लागणाऱ्या पृष्ठांची, सरासरी नुसत्या कोपरे-बाजूंच्या हिशेबाने ठरत नाही. एडविन मॅट्झके यांनी 1946 साली फेसातले 600 बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा ती 13.7 आली, आणि लॉर्ड केल्व्हिन यांनी 1887 साली आदर्श म्हणून सुचवलेला चौदा तोंडांचा आकार त्यांना एकदाही सापडला नाही. फॉन नॉयमन यांचा नियम तिसऱ्या मितीत नेण्यासाठी मॅकफर्सन आणि स्रोलोविट्झ यांना 2007 उजाडावे लागले, आणि त्या नियमात नुसती तोंडांची संख्या पुरत नाही, कडांची एकूण लांबी आणि पेशीची सरासरी रुंदीही लागते. भिंतीवरचे छायाचित्र हा अशा त्रिमित जाळ्याचा एक काप आहे. कापातही कोपऱ्यावर तीनच रेषा येतात, त्यामुळे सरासरी सहा तिथे मिळतेच. पण कापात पाच बाजूंचा दिसणारा ग्रेन पुढे आक्रसेल की वाढेल, हे त्या छायाचित्रावरून सांगता येत नाही.