उघड्यावर लग्न, नऊ माणसं आणि एक परवानगी

त्या अर्जाची झेरॉक्स मी अजून टाकलेली नाही. वरच्या कोपऱ्यात निळा शिक्का, आवक क्रमांक, १४ फेब्रुवारी ही तारीख, आणि 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द: लग्न. आता संसार सुरू झालाय, तरी तो कागद हाताला लागला की डोकं तापतं. ज्यांना मंगल कार्यालय नको, मानपान नको, मोकळ्या आभाळाखाली मोजक्या माणसांत लग्न करायचंय, त्यांना माझ्यासारखे हेलपाटे पडू नयेत म्हणून हे लिहितेय.

आमचं लग्न आंतरजातीय. घरी सांगून झालं होतं. आई गप्प, बाबा बोलत नव्हते, त्याच्या घरी तर विषयच बंद. परदेशात दोघंच डोंगरावर नाहीतर समुद्राकाठी जाऊन लग्न करतात, त्याला इलोपमेंट म्हणतात. आपल्याकडं 'पळून जाऊन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पोलीस ठाणं आणि मागावर निघालेले भाऊबंद येतात. आम्ही पळत नव्हतो. भांडायचं नाही आणि कुणाची वाटही बघायची नाही, एवढं ठरवलं होतं. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली, तिथं मला चोरासारखं कोपऱ्यात सही करून लग्न करायचं नव्हतं. उजेडात उभं राहून करायचं होतं.

विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे. त्याचं कलम १२ बहुतेकांना माहीत नसतं. लग्न विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. तिथून वाजवी अंतरावर, तुम्हाला हव्या त्या ठिकाणी, जादा फी भरून ते लावता येतं. वाजवी म्हणजे किती किलोमीटर हे कलमात लिहिलेलं नाही, म्हणून जागा मनात धरण्याआधी अधिकाऱ्यांनाच विचारा. आमचे अधिकारी शहराजवळ असेल तर येतो म्हणाले. त्या बाजूनं आम्हाला काहीच त्रास झाला नाही, त्यामुळं त्यावर लिहिण्यासारखंही फारसं नाही. लग्नाची नोटीस ११ फेब्रुवारीला दिली. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यातला मुक्काम नोटीस देण्याआधी किमान ३० दिवसांचा लागतो, तो होता. नोटीस फलकावर लागली, ३० दिवस गेले, कुणाचा आक्षेप आला नाही.

खरी मेख पुढं आहे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे आमची शेवटची तारीख ११ मे. मी नोटीस आधी दिली आणि जागेची परवानगी नंतर मागायला गेले. तुम्ही उलटं करा. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही.

जागा मी भरपूर बघितल्या. गगनबावडा आणि राधानगरीकडचा भाग अंतरामुळंच गेला, दोन्हीकडं शहरापासून पन्नासेक किलोमीटर. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, त्या गोल उघड्या छताखाली उभं राहायची माझी फार इच्छा होती, पण तेही लांब आणि संरक्षित स्मारक. पन्हाळ्याचंही तेच. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकात सभा, समारंभ, मेजवानी असं काही करायचं तर १९५९ च्या नियमांप्रमाणं आधी लेखी परवानगी लागते, आणि ती दोन-चार आठवड्यांत मिळेल अशी आशा धरून बसण्यात अर्थ नव्हता. पन्हाळ्यावरच्या सज्जा कोठीपाशी उभं राहून दोघांनी फोटो काढणं वेगळं आणि अधिकारी, नोंदवही, साक्षीदार घेऊन जाणं वेगळं. मसाई पठार बघून आलो. सावलीला झाड नाही, आणि वारा असा की कागद हातात धरवेना. रंकाळा तर नकोच होता. संध्याकाळी तिथं दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटतं.

मग एक तळं सापडलं. नाव लिहीत नाही, कारण ते ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचंही लिहायचं नाही. बांधावर वडाचं जुनं झाड, खाली दगडी पायऱ्या, पाण्यात पाच-सात बगळे. दुपारीसुद्धा तिथं गार लागत होतं. त्याला म्हटलं, इथंच.

तळं ज्यांच्या ताब्यात, त्यांच्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या भाऊंनी छापील अर्ज दिला. मंडपाचं माप, स्टेजचं माप, ध्वनिक्षेपक किती, जनरेटर आहे का, वाहनतळ कुठं, उपस्थितांची अंदाजे संख्या. मी सगळीकडं 'नाही' लिहिलं आणि संख्येपुढं ९. आम्ही दोघं, तीन साक्षीदार, अधिकारी, त्यांच्याबरोबरचे लिपिक, आणि माझी आत्या व तिचे यजमान. भाऊंनी अर्ज दोनदा वाचला.

"ताई, नऊच माणसं?"

"हो."

"मग ह्याला लग्न कसं म्हणायचं?"

त्यांना खरंच प्रश्न पडला होता. चेष्टा करत नव्हते. पण ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. पाचशे पानं उठली तरच लग्न, हेच तर घरीही ऐकत होते.

मंडप नसला तरी पोलिसांचा ना-हरकत दाखला लागेल, ग्रामपंचायतीचा लागेल, मग साहेबांपुढं ठेवतो, असं सांगितलं. ग्रामपंचायतीत गेलो. तिथले म्हणाले, बांधाच्या खाली आमची हद्द, वरचं आमचं नाही, आम्ही दाखला कसा देणार? मग हे तरी लेखी द्या म्हटलं, तर त्यालाही नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, आधी जागेची परवानगी आणा, तिच्यावर आम्ही देतो. परत कार्यालयात. इथं म्हणे, आधी पोलिसांचं आणा. एकाच आठवड्यात हे दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा अर्ध्या दिवसाची रजा गेली. तिसऱ्यांदा मी तिथल्या बाकावर बसून राहिले. बांधावर वीस मिनिटं उभं राहायला इतके कागद का लागतात, हे कुणीतरी सांगेपर्यंत उठायचं नाही म्हणून. कुणी सांगितलं नाही. पाच वाजता शिपायानं पंखा बंद केला.

मार्च उजाडला. "मार्च एंड आहे मॅडम, एप्रिलात या." एप्रिलात गेले तर जोतिबाची चैत्र यात्रा, माणसं बंदोबस्ताला आणि नियोजनाला. मग साहेब रजेवर. मग साहेब आले, पण फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली, आणि त्या टेबलावरच्या बाई प्रशिक्षणाला. दर वेळी सगळे गोड बोलायचे, चहाही विचारायचे. नाही असं कुणीच म्हणत नव्हतं, आणि तेच फार वाईट. पहिल्या दिवशी 'नाही' ऐकलं असतं तर संध्याकाळी दुसरी जागा बघायला बाहेर पडलो असतो. 'बघू की', 'होतंय की', 'पुढच्या सोमवारी या की' या तीन वाक्यांवर माझे दोन महिने गेले. रात्री झोपेत मी दिवस मोजायचे. ११ मेला किती उरले, एकोणतीस, अठ्ठावीस. आणि या काळात तो मला समजावायचा की सरळ विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लावून टाकू, काय फरक पडतो. फरक पडत होता. तो पडतो हे त्याला पटवण्यात आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं.

वाट सापडली ती आत्याच्या यजमानांमुळं. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेत. माझा अर्ज हातात घेऊन त्यांनी आधी पोच बघितली. "हे बरं केलंस. पोच नसती तर तुझा अर्ज कधी आलाच नव्हता." मग त्यांनी दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा सांगितला. सरकारी कर्मचाऱ्यानं कुठलीही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्याकडं अडवून ठेवायची नसते. १६ एप्रिलला साधं स्मरणपत्र दिलं. अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कायद्याचं नाव, आणि 'होकार वा नकार लेखी कळवावा' एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाची ओळख सांगितली नाही. २२ एप्रिलला उत्तर हातात पडलं. दोन ओळी. सदर जागा विवाह समारंभासाठी देण्याची तरतूद नाही.

६७ दिवस. तरतूद नव्हती तर ती १४ फेब्रुवारीलाही नव्हतीच. मी ते पत्र घेऊन बाहेर आले आणि स्टँडकडं चालत गेले, रिक्षासुद्धा केली नाही. रडू आलं, पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

आत्यानं ऐकलं आणि म्हणाली, "मग आमच्या मळ्याला काय काटं आल्यात व्हय?"

जोतिबाच्या पायथ्याला त्यांचं दीड एकर रान आहे, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत. ऊस तुटून गेलेला, विहिरीच्या कडेला मोठी चिंच, उजवीकडं जोतिबाचा डोंगर, समोर पन्हाळा. लहानपणापासून सुट्टीत जिथं खेळले ती जागा मला सुचलीच नव्हती, कारण मी देखणी जागा शोधत होते. जागा बघताना दृश्य नंतर बघा. आधी विचारा की सातबारा कुणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस तुमच्या तोंडावर हो म्हणतो का. मालकाचं साध्या कागदावर संमतिपत्र, सातबाऱ्याचा उतारा आणि रस्ता समजेल असा हातानं काढलेला नकाशा आम्ही विवाह अधिकाऱ्यांना दिला. दोन दिवसांत तारीख ठरली, ६ मे.

आठवलं म्हणून मध्येच सांगते. ज्यांना घरून धोका आहे, त्यांनी उघड्या सार्वजनिक जागेचा हट्ट धरू नये. नोटीस फलकावर लागते, ती कुणीही वाचू शकतं, आणि एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडंही जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असं सांगितलंय. नोटीस देण्याआधी पोलिसांकडं लेखी अर्ज देऊन ठेवा, आणि त्याचीही पोच घ्या.

अजून एक, मे महिना आमच्याकडं वळवाचा. संध्याकाळचा उजेड सुंदर असतो, सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण ढग कधी चढतील सांगता येत नाही. जवळ पक्कं छप्पर असलेलीच जागा निवडा. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीची खोली होती.

६ मेला साडेपाचला अधिकारी आले. शाळेतून आणलेलं टेबल चिंचेखाली ठेवलं होतं, वर आत्याची चादर. तीन साक्षीदारांसह आम्ही घोषणापत्रावर सह्या केल्या. मग ते म्हणाले, आता एकमेकांकडं बघून बोला. कायद्यात एवढंच सांगितलंय, दोघांना समजेल त्या भाषेत. मी त्याचं नाव घेतलं आणि म्हटलं, मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. माझा आवाज मलाच मोठा वाटला. रानात आवाज लांब जातो.

नोंदवहीत सह्या व्हायच्या आधीच थेंब पडायला लागले. लिपिकांनी वही शर्टाखाली धरली आणि आम्ही सगळे मोटारीच्या खोलीत शिरलो. तिथं उरलेल्या सह्या झाल्या, तेलाच्या डब्यावर वही ठेवून. दारात आई उभी होती. आदल्या रात्रीच आत्याकडं आली होती, मला कुणी सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. पदरानं माझं कपाळ पुसलं, आणि आत्याला विचारलं, भाकरी किती थापायच्या, माणसं किती आहेत.

"दहा," आत्या म्हणाली.