गुरुवारची सकाळ, शाळेजवळचा रस्ता

दर गुरुवारी सकाळी सव्वाआठला मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात लेकीच्या शाळेजवळच्या रस्त्यावर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभी असते. अंगात पिवळंधमक जाकीट, हातात दांडीचा लाल ‘स्टॉप’ फलक. समोरच्या कडेला आमच्या गल्लीतल्या एक आजी. त्यांची नातवंडं कधीच मोठी झाली, पण गुरुवार त्यांनी सोडलेला नाही. गाड्यांमध्ये पुरेसं अंतर पडलं की आम्ही एकमेकींकडे बघून मान डोलावतो आणि दोघी एकदम फलक आडवे धरतो. शेवटचं पोर फुटपाथवर चढेपर्यंत ते हलवायचे नाहीत, हे पोलिसांनी शिकवलेलं. नेमणूक महापौरांची, पगार शून्य. फलकासमोर थांबणं मात्र गाडीवाल्यांना कायद्यानं बंधनकारक.

घरी फोन केला की ऐकायला मिळतं, “तुमच्याकडची माणसं मुळातच शिस्तीची.” मलाही आल्या आल्या तसंच वाटायचं. आजींनी तो समज खोडला. त्यांच्या तरुणपणी, १९७१ साली, या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक लहान मुलं! विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगीही अशीच गेली. त्यांनी १९७२ मध्ये पोटतिडकीनं लेख लिहिला आणि त्यातून ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’ ही चळवळ उभी राहिली. अर्थ सरळ आहे : मुलांच्या हत्या थांबवा. ‘अपघात’ म्हणून सोडून द्यायला त्या आईबापांनी नकार दिला, हे मला फार मोठं वाटतं. त्यांनी रस्ते अडवले, सायकलींचे मोर्चे काढले, पोरांना खेळायला गल्ल्या बंद केल्या.

डेल्फ्टमध्ये तर त्याआधीच रहिवाशांनी रस्त्यात झाडं, बाकं, वळणं आणून गाड्यांचा वेग मोडला होता. अशा गल्लीला ‘वोनएर्फ’ म्हणतात. ‘एर्फ’ म्हणजे अंगणच की! १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. आमची गल्लीही तशीच. गाडी चालायच्या वेगानं येते, पोरं खडूनं रस्ताभर चित्रं काढतात.

नाशिकला ताईच्या मुलाच्या शाळेसमोर भरधाव रस्ता आहे. तिला मी आमच्या फलकाचे, जाकिटाचे फोटो पाठवलेत. सोसायटीतल्या चार पालकांशी ती बोलली आहे, आता वाहतूक पोलिसांना भेटायचं ठरतंय.

मागच्या गुरुवारी पाऊस होता. एका चिमुरड्याचा हातमोजा रस्त्याच्या मधोमध पडला. तो मागे फिरला, वाकला, मोजा उचलून पिळला, बोटं एकेक करत आत घातली. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही.