शून्य इश्यू

लंडनला लायब्ररीत काम करते म्हटलं की डोंबिवलीच्या आमच्या लोकांना वाटतं मी दिवसभर वाचत बसते. अहो वाचायला वेळ कुठे, अर्धा दिवस प्रिंटरमधला कागद ओढण्यात आणि लोकांचे कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या महापालिकेच्या) घराचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्यात जातो. पुस्तकं कियॉस्कवर लोक स्वतःच इश्यू करतात, आमचा हातही लागत नाही. पुस्तकांशी खरी गाठ पडते ती वीडिंगच्या वेळी.

म्हणजे असं, की सिस्टिममधून एक रिपोर्ट काढायचा, दोन वर्षांत एकदाही इश्यू न झालेली पुस्तकं. ती यादी घेऊन ट्रॉली ढकलत शेल्फ शेल्फ फिरायचं, पुस्तक काढायचं, टॅग सिस्टिममधून बंद करायचा, बारकोडवर जाड काळी रेघ मारायची, पहिल्या पानावर 'विड्रॉन'चा शिक्का, आणि मग ते सेलच्या ट्रॉलीवर नाहीतर रिसायकलिंगच्या पेटीत. मला या कामाचा राग नाही. विंडोज 98चं गाईड जपून ठेवून कोणाचं भलं होणारे? पण कादंबऱ्यांनाही तीच कात्री लावतात तेव्हा डोकं फिरतं.

यंदाच्या यादीत 'ई'च्या शेल्फवर एक नाव होतं, बुची एमेचेटा, 'सेकंड-क्लास सिटिझन'. इश्यू शून्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण हे मला आवडतं. बाई 1944 साली नायजेरियात लागोसला जन्मल्या, मूळ गाव इबुझा, इग्बो लोकांचं. सोळाव्या वर्षी लग्न, 1962 साली दोन लेकरं घेऊन नवऱ्यामागोमाग लंडनला, बाविशीपर्यंत पदरात पाच पोरं. नवऱ्याने त्यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळलं. त्या बाहेर पडल्या, एकटीने पोरं वाढवली आणि सोशॉलॉजीची डिग्रीही घेतली. 1972 ला पहिलं पुस्तक 'इन द डिच', 1974 ला हे. मला त्या जवळच्या वाटतात त्याचं कारण वेगळंच आहे, त्या आमच्या लाइनच्या. 1965 ते 1969 ब्रिटिश म्युझियममध्ये लायब्ररी ऑफिसर होत्या, आणि या कादंबरीतली अडाह आधी नॉर्थ फिंचलीच्या आणि मग चॉक फार्मच्या लायब्ररीत काम करते. चॉक फार्मला सोबत काम करणारा एक कॅनेडियन तिला हे वाच, ते वाच सांगतो, आफ्रिकन लेखकांची नावंसुद्धा तिला तिथे त्याच्याकडून कळतात, आणि तिथून तिचं लिहायचं सुरू होतं. स्टाफरूममधल्या गप्पांतून एक लेखिका तयार होते! आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली फक्त रोटावर, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकावर, भांडणं होतात.

तर मी शेल्फवर गेले आणि पुस्तक जागेवर नाही. मिसिंग मार्क करून मोकळी होणार तेवढ्यात आमचा सॅटरडेवाला, म्हणजे फक्त शनिवारी कामाला येणारा, पोरगा म्हणाला, ते जुनं पुस्तक ना, ते गार्डनिंगमध्ये असतं नेहमी. नेहमी? म्हणे मी दर शनिवारी परत जागेवर लावतो आणि पुढच्या शनिवारी ते तिकडेच असतं. हा पोरगा फोनमधून डोकं वर काढत नाही असं माझं मत होतं, पण हे बरोब्बर बघितलेलं. गेले तर खरंच, गुलाबांच्या छाटणीच्या पुस्तकामागे आडवं सारून ठेवलेलं, आणि शेवटाकडे खूण म्हणून घडी घातलेली दुकानाची पावती.

मुद्दाम लपवलेलं पुस्तक आम्हाला ओळखू येतं. विद्यार्थी परीक्षेच्या आधी करतात. पण कादंबरी कोण लपवतं? लपवायची कशाला, कार्ड फुकट आहे, घरी घेऊन जा की.

मी ते तसंच परत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडतानाच तिकडे नजर ठेवली. नाइट ड्यूटी करून येतात त्या बायका लगेच ओळखू येतात, कोटाखाली केअर होमचा निळा ट्यूनिक, पायात मऊ बूट, कोणाशी न बोलता रेडिएटरजवळची खुर्ची. त्यातलीच एक आली, पस्तिशीची असेल, थेट गुलाबांकडे गेली. मी जवळ जाऊन म्हटलं, हे तुम्ही कार्डवर नेऊ शकता. ती दचकून उभी राहिली, "सॉरी आंटी, मी फाडत वगैरे नाही." मला इतकं कसंतरी झालं. म्हटलं बसा हो, तुम्ही वाचताय याचा मला आनंद आहे.

मग बोलली. गाव असाबाजवळचं, इबुझा तिथून अगदीच जवळ. पुस्तकाच्या पाठीवर आपल्याकडचं नाव दिसलं म्हणून उचललं, लेखिका कोण ते माहीत नव्हतं. केअर वर्करच्या व्हिसावर आलीये, पोरं आईकडे. (मार्च 2024 मध्ये त्या व्हिसावर नव्याने येणाऱ्यांना पोरं आणायची बंदी झाली. 1962 ला एमेचेटाबाई निदान पोरं कडेवर घेऊन उतरल्या तरी.) मला वाटलं आता ही म्हणेल, ही तर माझीच गोष्ट. तसलं काही नाही. ती लेखिकेवर चिडलेली होती! "नवऱ्याचं, सासरचं, घरातलं सगळं गोऱ्या लोकांसमोर मांडून ठेवलंय, आमच्यात असं करत नाहीत." म्हटलं मग वाचता कशाला? तर म्हणाली, "पुढे काय झालं ते कळायला हवं ना." पावती हस्तलिखित जाळतात त्याच्या थोडीच आधी होती, मी काही बोलले नाही. या बाईंवर असा राग धरणारे त्यांच्या हयातीतही होते, वाचून माहीत होतं, पण माझ्यासमोर उभं राहून कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं, आणि तेही पुस्तक लपवून ठेवणारं माणूस.

कार्ड मात्र घेईना. पत्ता एका खोलीचा, भाड्याच्या कागदावर हिचं नाव नाही, आणि कौन्सिलच्या कॉम्प्युटरवर नाव नको, बस. मी सांगितलं की लायब्ररी होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, काही कळवत नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मी हमी देणारी कोण?

म्हणजे आता बघा, एक पुस्तक जवळपास रोज वाचलं जातंय आणि सिस्टिमच्या लेखी मेलेलं आहे. आमच्या डोंबिवलीला मुक्तद्वार वाचनालयात म्हातारे सकाळचा पेपर चार हातांतून फिरवायचे, कोणी मोजलं का कधी? मॅनेजरकडे गेले. ती वाईट नाही, पण रिपोर्ट म्हणजे तिला देववाणी. म्हणाली, 2021 ला पेंग्विनने नवी आवृत्ती काढलीये, ती मागवू, ही प्रत पिवळी पडलीये, कणा तुटलाय. खरं होतं तेही. मी म्हटलं सिस्टिममध्ये 'इन-हाउस यूज'चं बटण आहे, टेबलावर राहिलेलं पुस्तक स्कॅन केलं की नोंद होते. ते कोणी दाबत नाही हा एक भाग, पण मी हट्टाने आठवडाभर दाबलं आणि रिपोर्ट पुन्हा काढला तर आकडा शून्यच. वीडिंगचा रिपोर्ट ही नोंद बघतच नाही! बटण दिलंय आणि त्याची तार कुठे जोडलेलीच नाही. हे ज्याने बनवलं तो आयुष्यात कधी लायब्ररीत बसून काही वाचला नसणार.

शेवटी मॅनेजरने या प्रतीला 'लोकल इंटरेस्ट' असा कोड दिला, एक वर्ष जीवदान. नवी प्रतही आली, ती बुक क्लबच्या बायकांनी लगेच नेली, तिचे आकडे छान आहेत.

जाळण्याचं प्रकरण वाचून झालं त्या दिवशी ती काउंटरवर आली, पहिल्यांदाच स्वतःहून. नंतर परत लिहिलं का तिने ते? म्हटलं हो, पहिल्यापासून सगळं नव्याने, 1976 ला छापलं, 'द ब्राइड प्राइस' नावाने. आणि या पुस्तकाची अर्पणपत्रिका काढून दाखवली, त्यात लिहिलंय की पाच पोरांचा गोड गोंगाट मागे नसता तर हे लिहूनच झालं नसतं. ती वाचून "हं" म्हणाली. "आणि नवरा? त्याची बाजू कोणी लिहिली का?"

ते जळलेलं पुस्तक आमच्याकडे नाही. दुसऱ्या ब्रांचमधून मागवता येतं, पण रिझर्वेशनला कार्ड लागतं. मी माझ्या कार्डवर मागवलंय. बटणाबद्दल हेड ऑफिसला मेल टाकली, उत्तर आलंय की पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बदलू तेव्हा विचार करू.