तुम्ही विचारलंत म्हणून: सहीच्या वरचा तो मजकूर

जुने स्कॉटिश दस्त वाचायला घेणारे सगळेच हे विचारतात: लिहून देणाराची सही आहे, साक्षीदारांच्याही आहेत, मग सहीच्या वर चार-पाच ओळींचं ते पाल्हाळ कशाला?

पाल्हाळ नाही ते. 'इन विटनेस व्हेअरऑफ' म्हणून सुरू होणाऱ्या त्या मजकुराला टेस्टिंग क्लॉज म्हणतात, आणि त्यातला एकेक तुकडा एकेका लबाडीची वाट अडवतो. मोहोर दुसऱ्याच्या हाती लागू शकते, म्हणून 1540 च्या कायद्याने मोहोरेसोबत सही मागितली. 1593 पासून दस्त कोणाच्या हातचा, ते नाव आलं. पूर्वी कागद एकाखाली एक चिकटवून गुंडाळी करत आणि जोडांवर सही घेत. 1696 मध्ये वहीसारखी पानं चालू लागली, पण मधलं पान बदलता येऊ नये म्हणून पानोपानी सही आणि शेवटी एकूण पानांचा आकडा सक्तीचा झाला. खाडाखोड कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, कोणत्या शब्दांची, तेही इथेच नोंदवायचं. नोंद करायची राहून गेली तर ते शब्द लिहिलेच नाहीत असं धरत. ते मर्माचे असले तर दस्तच कोसळे.

साक्षीदाराने लिहून देणाराला सही करताना पाहावं, किंवा 'ही सही माझीच' असं त्याच्या तोंडून ऐकावं, हे 1681 च्या कायद्याचं सांगणं. दस्त वाचण्याची त्याला गरज नाही. मग त्याने सवडीने सही केली तर काय बिघडलं? याचं उत्तर वॉकर विरुद्ध व्हिटवेल या 1916 च्या खटल्यात आहे. तिथे एका साक्षीदाराची सही लिहून देणाराच्या मृत्यूनंतर झाली. सह्यांच्या पद्धतीतल्या चुका सांभाळून घेणारं 39 वं कलम 1874 च्या कायद्यात होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, त्याचाही आधार मिळू दिला नाही. साक्षीदाराची सही हा दस्त पुरा करण्याच्याच क्रियेचा भाग, आणि लिहून देणारा गेला की ती क्रिया थांबली. मयताची सही खरी असली तरी उपयोग नाही. हे मला कठोर वाटतं. पण सूट दिली असती, तर मयताच्या घरात साक्षीदार गोळा करायला कोणाला अडवणार होतात?

आता तुम्ही विचारत नाही तेही सांगतो. हा मजकूर बहुधा सह्यांनंतर लिहिला जाई. सहीच्या वर जागा मोकळी सोडत. कारकून मागाहून ठिकाण, तारीख, साक्षीदारांची नावं, धंदे, पत्ते भरी. पूर्वी मी याला सहीचा पुरावा म्हणत असे. सहीनंतर भरलेली जागा सहीचा पुरावा कशी? पण ते पत्ते नसते, तर वाद उभा राहिल्यावर साक्षीदार शोधायचा कुठे?

1 ऑगस्ट 1995 पासून एकच साक्षीदार पुरतो. जुना दस्त हाती आला आणि या ओळींचं अक्षर किंवा शाई वेगळी दिसली, तर लगेच बनावट म्हणू नका. ओळी कोंबलेल्या असतील, तर जागा कमी सोडली होती एवढंच समजा.